कॉनीच्या बाजूने ‘गॉडफादर’

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



यंदा मी ‘गॉडफादर’ या सिनेमावर बोलणार म्हटल्यावर आपल्यातल्या काही ज्येष्ठांनी विचारलं, गणपतीच्या मांडवात, आरती झाल्यावर, हा खूनखराबा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ज्यांनी हा सिनेमा पाहिलाय त्यांनी जरा आठवून बघावं. जवळजवळ तीन तासांच्या या सिनेमात बंदुका चालतात तो वेळ थोडाच. बाकी सगळा वेळ काय चाललेलं असतं? लग्न, जेवणावळी, इस्पितळातली आजारपणं, मयत, लहान मुलाचा नामकरणविधी. पहिला जवळजवळ अर्धा तास तर एका मुलीच्या लग्नातच जातो. तेव्हा हा सिनेमा आपल्या मांडवात काही अगदीच परका नाही.

आधी शब्दाचं सांगतो. आपण सहज म्हणतो, ‘त्याला कोणी गॉडफादर नव्हता, म्हणून मागे पडला.’ म्हणजे वशिला लावणारा, पाठीशी उभा राहणारा माणूस. मूळ अर्थ तसा नाही. ख्रिस्ती घरात मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा चर्चमध्ये मुलाच्या वतीने शपथ घेणारा जो धर्मपिता, तो गॉडफादर. हे नातं रक्ताचं नाही, पण देवासमोर जोडलेलं आहे. हा मूळ अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मारिओ पुझोची कादंबरी १९६९ची, आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा सिनेमा १९७२चा. पुझो न्यूयॉर्कमधल्या गरीब इटालियन वस्तीत वाढला. त्यानेच लिहून ठेवलंय की डॉन बोलू लागला की आपल्या कानात आपल्या आईचा आवाज यायचा. दुसऱ्या देशात येऊन खस्ता खात मुलं वाढवणारी ती बाई. तिचा करारीपणा, तिचं शहाणपण, प्रसंगी तिचा निष्ठुरपणा त्याने उचलला आणि मिशीवाल्या डॉनला दिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पडद्यावर मात्र या घरातल्या बायकांचं कोणी ऐकत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विटो कॉर्लिओनी हा सिसिलीहून अमेरिकेत आलेला माणूस. न्यूयॉर्कमधल्या पाच गुन्हेगारी घराण्यांपैकी एकाचा प्रमुख. त्याला सनी, फ्रेडो आणि मायकल असे तीन मुलगे, कॉनी ही मुलगी, आणि रस्त्यावरून उचलून घरात वाढवलेला टॉम हेगन. टॉम त्यांचा वकील आणि सल्लागार. मायकल शिकलेला, युद्धावरून परतलेला, घरच्या धंद्यापासून लांब राहू पाहणारा. पण बापावर गोळ्या झाडल्या जातात आणि हाच मुलगा त्यात उतरतो, खून करतो, शेवटी बापाच्या खुर्चीत बसतो. गोष्ट एवढीच. सगळे या गोष्टीकडे मायकलच्या बाजूने बघतात. ब्रँडोचा डॉन आणि पचिनोचा मायकल इतके भारी आहेत की दुसरीकडे नजर जातच नाही.

मी आज तुम्हाला कॉनीच्या बाजूने बघायला सांगणार आहे. सिनेमा सुरू होतो तिच्या लग्नाने, १९४५ साली. संपतो तो तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याने आणि तिच्या नवऱ्याच्या खुनाने. मधल्या दहाएक वर्षांत त्या घरात जे जे घडतं त्याची एक दोरी तिच्या संसारात अडकलेली आहे. आणि तरी तिला कोणी एकदाही विचारत नाही, की बाई, तुझं काय म्हणणं आहे?

लग्नाचा प्रसंग आठवा. बाहेर बागेत लख्ख ऊन, वाजंत्री, नाच, लाडू-करंज्यांसारखे त्यांचे जे पदार्थ असतील ते. कॉनीच्या हातात आहेराच्या पाकिटांची रेशमी थैली. फाटकाबाहेर सरकारी माणसं पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून घेतायत. आणि घरात, पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत, मुलीचा बाप पाहुण्यांमध्ये नाही, दरबार भरवून बसलाय. मुलीच्या लग्नाच्या दिवशी सिसिलियन माणूस कोणाचं मागणं नाकारत नाही, म्हणून मागणारे रांगेत. गॉर्डन विलिस या छायाचित्रकाराने ती खोली इतकी काळोखी ठेवली की डॉनचे डोळे नीट दिसत नाहीत. बायका-मुलं उजेडात, पुरुषांचे निर्णय अंधारात. घराची ही वाटणी पहिल्या दहा मिनिटांत कळते आणि शेवटच्या दृश्यापर्यंत बदलत नाही.

त्या खोलीत पहिला येतो बोनासेरा. प्रेतं सजवून पुरण्याचा व्यवसाय करणारा. त्याच्या मुलीने दोन पोरांना नकार दिला म्हणून त्यांनी तिला मारून जबडा मोडला. कोर्टाने पोरांना शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी सोडून दिलं. बाप न्याय मागायला आलाय. डॉन त्याला आधी ऐकवतो : माझी बायको तुझ्या मुलीची धर्ममाता, आणि तू इतक्या वर्षांत मला साधं कॉफीला बोलावलं नाहीस. मग तो मैत्रीचा शब्द घेतो, हाताचं चुंबन घेऊ देतो आणि काम करतो. कधीतरी तुझ्याकडे काहीतरी मागेन, असंही सांगून ठेवतो.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे काळजाला घरं पाडणारी. ज्या क्षणी डॉन परक्याच्या मारहाण झालेल्या मुलीसाठी न्याय कबूल करतोय, त्याच क्षणी बाहेर त्याची स्वतःची मुलगी अशा माणसाच्या हातात हात घालून नाचतेय, जो पुढे तिला पट्ट्याने मारणार आहे. हा योगायोग नाही. दिग्दर्शकाने या दोन मुली जाणूनबुजून शेजारी ठेवल्यात, असं मी मानतो. बोनासेराच्या मुलीला न्याय मिळाला, कारण त्यातून एक माणूस कायमचा ऋणात बांधला जाणार होता. कॉनीला न्याय देऊन कोण बांधलं जाणार होतं?

जावयाबद्दल त्याच दिवशी टॉम विचारतो, कार्लोला काही महत्त्वाचं काम द्यायचं का? डॉन म्हणतो, पोटापाण्याचं द्या, पण घरच्या धंद्याचं त्याच्याशी कधी बोलायचं नाही. आता मला सांगा, मांडवात आशीर्वाद, पंगतीत मान, आणि आतून हे. कार्लो काही गुणाचा माणूस नाही. पण जावयाला उंबऱ्यावर उभं करून ठेवायचं आणि वर निष्ठाही मागायची, हा व्यवहार कुठे टिकतो? बाहेर ठेवलेल्या माणसाला शत्रू बरोबर हेरतात. कार्लोलाही हेरलं.

मग ते जेवणाचं टेबल. टेबलावर धंद्याची गोष्ट निघते तेव्हा कॉनी म्हणते, पपा जेवताना मुलांसमोर धंद्याचं बोलत नसत. नवरा तिला गप्प बसवतो. सनी त्याच्यावर भडकतो, माझ्या बहिणीला असं बोलायचं नाही म्हणून. आणि आई? आई सनीला म्हणते, तू मध्ये पडू नकोस. नवरा-बायकोमधलं आहे. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग असेल, पण आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य आपापल्या घरात, आपापल्या भाषेत ऐकलंय ते मनात मोजा. मी हात वर करायला सांगत नाही.

पुढे सनी बहिणीकडे जातो. ती पोटुशी आहे आणि चेहरा काळानिळा. सनी संतापाने स्वतःचीच मूठ चावतो. ती म्हणते, माझीच चूक, मीच आधी हात उचलला. हेही वाक्य आपण ऐकलेलं आहे. सनी भर रस्त्यात कार्लोला बदडून काढतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या होत्या. पण बहिणीला घरी आणायचं, ते मूल आपल्या घरात वाढवायचं, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. भावाच्या रागाचं समाधान झालं, बहीण त्याच घरात राहिली.

दुसऱ्यांदा मार खाल्ल्यावर ती फोन करते. सनी कोणालाही न थांबता एकटा गाडी काढतो आणि टोलनाक्यावर गोळ्यांनी चाळण होतो. सापळा तिथेच लावलेला होता. या माणसाला कुठे गाठायचं हे शत्रूला कसं कळलं? त्याचं बहिणीवरचं प्रेम त्यांना माहीत होतं. कार्लोने बायकोला मारलं ते भाऊ धावत येणार हे हिशेबात धरून. कॉनीची पाठ आमिष म्हणून वापरली गेली.

आणि मग रात्री डॉन बोनासेराकडे जातो. ते जुनं ऋण फेडायची वेळ आली. मागणं काय, तर मुलाचं प्रेत नीट कर, त्याच्या आईने त्याला असं बघू नये. ब्रँडोचा सगळा अभिनय बाजूला ठेवा, त्या एका जागी मला तो सगळ्यात थोर वाटतो. पण गणित लक्षात आलं ना? बोनासेराच्या मुलीच्या मारहाणीतून जे देणं तयार झालं, ते डॉनच्या मुलीच्या मारहाणीत मेलेल्या मुलावर खर्च झालं.

निष्ठा, निष्ठा म्हणून या सिनेमाचं फार कौतुक होतं. मला विचाराल तर या घरात निष्ठा चढणीच्या दिशेनेच वाहते. खालच्याने वरच्याशी ठेवायची. टॉम हेगनचं बघा. मुलासारखा वाढवला, पण तो सिसिलियन नाही. लढाईची वेळ आली की मायकल त्याला बाजूला करतो. टॉम दुखावतो, पण राहतो. फ्रेडोचं बघा. मधला, हळवा, बापावर गोळ्या झाडल्या तेव्हा हातातून पिस्तूल पडलं आणि फुटपाथवर बसून रडला तो. त्याला लास वेगासला धाडून दिलं. तिथे त्याने एका माणसाची बाजू घेतली तर धाकटा भाऊ सुनावतो, घराच्या विरुद्ध पुन्हा कोणाची बाजू घ्यायची नाही. थोरल्याला धाकट्याने सांगायचं! आणि टेसिओ. डॉनचा तरुणपणापासूनचा साथीदार. फितूर निघाला, तेव्हा टॉमला म्हणतो, जुन्या ओळखीखातर सोडवशील का? टॉम नाही म्हणतो. फितुराला सोडणं शक्य नव्हतं, मान्य. पण त्या एका ‘नाही’त इतक्या वर्षांचं ‘आपण एक घर’ कसं विरघळून जातं ते दिसतं.

इथे जरा विषयांतर. विटोचं खरं आडनाव अँडोलिनी. १९०१मध्ये पोरका विटो न्यूयॉर्क बंदरात उतरतो तेव्हा नोंद करणारा त्याच्या गावाचं नाव आडनाव म्हणून लिहून टाकतो, कॉर्लिओनी. म्हणजे आपल्या भाषेत ‘कॉर्लिओनकर’. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या आपल्यातल्या कितीतरी ‘करां’नी ते गाव पाहिलेलंही नाही. दुसऱ्या भागात, १९७४च्या, मायकलच्या मुलाचा चर्चमधला सोहळा आहे, नेवाडातल्या तळ्याकाठी मोठा थाट. एक जुना इटालियन गडी वाजंत्रीवाल्यांकडे जाऊन आपल्याकडचा तारांतेला नाच वाजवा म्हणतो. त्यांना तो येतच नाही. ते लहान मुलांचं कुठलं तरी इंग्रजी गाणं वाजवायला लागतात. घराणं, घराणं म्हणून जे वाचवायचं होतं त्यातलं गाणं तर आधीच गेलेलं असतं. असो.

आता तो बाप्तिस्मा. कॉनीला दुसरा मुलगा झालाय. तिची आणि कार्लोची इच्छा, मायकलने धर्मपिता व्हावं. तो होतो. पाळण्यातलं ते बाळ म्हणजे कोपोलाची स्वतःची तान्ही मुलगी सोफिया, आणि कॉनीचं काम करणारी टालिया शायर ही त्याची सख्खी बहीण. चर्चमध्ये पाद्री विचारतो, सैतानाचा त्याग करतोस का? मायकल म्हणतो, करतो. आणि त्याच वेळी त्याची माणसं बाकीच्या चारही घराण्यांचा हिशेब चुकता करत असतात. हे सगळ्यांना आठवतं. त्यानंतरचं कमी जणांना आठवतं. मायकल कार्लोला समजावतो, मी माझ्या बहिणीला विधवा करीन का? मी तुझ्या मुलाचा धर्मपिता आहे. त्या शब्दावर विश्वास ठेवून कार्लो कबुली देतो, गाडीत बसतो आणि मागून त्याचा गळा आवळला जातो. सुरुवातीला मी मूळ अर्थ लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. देवासमोर घेतलेलं नातं चार तासही टिकलं नाही.

कॉनी धावत येते. मायकलला सगळ्यांसमोर सांगते : पपा जाईपर्यंत तू थांबलास, म्हणजे अडवणारं कोणी उरणार नाही. आमच्या बाळाचा धर्मपिता झालास आणि हे केलंस. तिचं एकूण एक वाक्य खरं आहे. त्या खोलीत त्या वेळी खरं बोलणारी ती एकटी. आणि मायकल काय करतो? तिला आत न्या म्हणतो. तिला भान राहिलेलं नाही असं बायकोला समजावतो. मायकलची बायको के, ती विचारते, हे खरं आहे का? तो एकदाच विचारायची परवानगी देतो आणि डोळ्यांत बघून खोटं सांगतो. के सुटकेचा श्वास टाकते. मग माणसं येतात, मायकलच्या हाताचं चुंबन घेतात आणि तिच्या तोंडावर दार लागतं.

दाराबाहेर राहिलेल्या केबद्दल सगळे लिहितात. वर नेऊन बसवलेल्या कॉनीकडे कॅमेराही जात नाही.

पुढच्या भागांतली कॉनी बघाल तर अंगावर काटा येतो. आधी ती नवरे बदलते, पैसे उधळते, मुलांना आईकडे टाकते. आई वारल्यावर मायकलपुढे गुडघे टेकून म्हणते, तुला दुखवायला मी स्वतःचं वाटोळं करत होते, आता मी तुझी काळजी घेते. आणि फ्रेडोला माफ कर म्हणून विनवते. मायकल उठतो, फ्रेडोला मिठी मारतो, आणि त्याच मिठीतून आपल्या मारेकऱ्याकडे बघतो. तिची विनवणी भावाला बेसावध करायच्या कामी आली. पुढे के मुलांना भेटायला चोरून येते तेव्हा तिला घाईघाईने बाहेर काढणारी कॉनीच. १९९०च्या तिसऱ्या भागात तर ती माणसं मारायचा हुकूम देते, आणि नाट्यगृहात दुर्बिणीतून बघत स्वतःच्याच धर्मपित्याला विष घातलेली मिठाई खाऊ घालते. त्या रात्री नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मायकलची मुलगी गोळी लागून मरते. त्या मुलीचं काम केलंय सोफियाने, पहिल्या भागातल्या बाप्तिस्म्याच्या त्या बाळाने. (तिच्या अभिनयावर त्या वेळी बरीच टीका झाली. असेल. पण ज्या घरात देवासमोर शब्द मोडला त्याची किंमत त्याच बाळाने चुकवावी, हे मला विसरता येत नाही.)

ही गोष्ट आपल्याकडेही आली. १९७५चा फिरोज खानचा ‘धर्मात्मा’, मग रामगोपाल वर्माचा ‘सरकार’ २००५मध्ये, तो तर मुंबईतल्या मराठी घरातला. तिथेही धाकटा भाऊ थोरल्याला संपवतो. आपण थिएटरात बापाच्या एका नजरेवर शिट्ट्या मारल्या.

कोणी म्हणेल, तुम्ही डॉनवर अन्याय करता. तो बायकोला कधी टाकून बोलला नाही, बाहेरख्याली नव्हता, नातवाशी खेळता खेळता टोमॅटोच्या झाडांत मेला. हे खरं आहे. सनीच्या मृत्यूनंतर सूड सोडून तह करणारा तोच, आणि मायकलने या धंद्यात यावं असं त्याला कधीच वाटत नव्हतं. तो वाईट बाप नव्हता, म्हणूनच तर मी हा सिनेमा निवडला. वाईट बापाच्या गोष्टीतून आपल्याला सहज अंग काढून घेता येतं.

दुसऱ्या भागात मायकल रात्री शेकोटीजवळ आईशी बोलतो, सिसिलियन बोलीत. विचारतो, घरासाठी खंबीर राहता राहता घरच गमावून बसेल का कोणी? आई म्हणते, घर कधी गमावता येत नाही. तिच्या काळात ते खरं असेल, कारण तेव्हा जायला दुसरी जागाच नव्हती. केला जागा होती. ती गेली.

दुसऱ्या भागाचा शेवट सांगतो आणि थांबतो, मग चहा आहे. सगळं संपल्यावर, फ्रेडो तळ्यात मारला गेल्यावर, मायकलला एक जुना दिवस आठवतो. ७ डिसेंबर १९४१. बापाचा वाढदिवस, टेबलावर केक, सगळी भावंडं जमलीत, बाप यायचाय. मायकल सांगतो की मी सैन्यात नाव घातलंय. सनी खवळतो, परक्यांसाठी जीव देणारे मूर्ख म्हणतो. अभिनंदनाचा हात पुढे करतो तो एकटा फ्रेडो. तेवढ्यात दारात गडबड होते, बाप आला म्हणून सगळे धावत जातात, आणि टेबलावर मायकल एकटा उरतो. हे प्रत्येक समीक्षकाने लिहिलंय.

पण त्याच प्रसंगाची सुरुवात पुन्हा बघा. सनी एका देखण्या मित्राला घरी घेऊन आलाय. सगळ्यांशी ओळख करून देतो, हा कार्लो. आणि कॉनीला म्हणतो, बोल त्याच्याशी. ती लाजते, आणि त्याच्याशी बोलायला लागते.